पळून राहिली

तुमच्या गल्लीतून पहाटे एखादी मुलगी धावत गेली, तर तुम्ही आधी काय पाहता? ती कशी धावते ते, की तिच्या मागे कोण आहे ते?

उत्तराची घाई नाही. मी नागपूरच्या नंदनवन भागातल्या रस्त्यांवर बरेच महिने धावले आहे, आणि माझ्याकडे पाहणाऱ्या बहुतेकांची नजर माझ्यावर थांबत नसे. ती माझ्यावरून सरकून मागच्या रस्त्यावर जाई. मागे कोणी नसलं की माणसांना हायसं वाटायला हवं. तसं होत नसे. रस्ता रिकामा दिसला की ते जास्तच बारकाईनं पाहू लागत.

मी हौसेनं धावायला लागले नव्हते. त्या हिवाळ्यात माझं मन विझल्यासारखं झालं होतं. मी एका छोट्या प्रकाशनात मुद्रितं तपासते. तिथे समोर ठेवलेल्या ओळी डोळ्यांखालून जायच्या आणि आत काहीच पोचायचं नाही. लिहिणं बंद पडलं होतं. ज्या सभांना मी लहानपणापासून जात आले, तिथे टाळ्या वाजवताना हात दुसऱ्याच कोणाचे तरी वाटायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, ‘‘गोळ्या घेच, पण रोज घाम निघेल असं काहीतरी कर. चाल, धाव, काहीही.’’

आमच्या घरात कुठलाही सल्ला आधी चर्चेला येतो आणि मग अमलात. बाबांचं आयुष्य छापखान्यात गेलं. पोटासाठी लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायची, उरल्या वेळात वस्तीच्या सभांची पत्रकं. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. ‘बंधू-भगिनींनो’ हा मला वाचता आलेला पहिला मोठा शब्द. पत्रकात एखादा शब्द चुकला तर बाबा सगळा गठ्ठा बाजूला ठेवून ते पुन्हा छापत. चुकीचा शब्द एकदा लोकांच्या हातात गेला की मागे बोलावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

‘‘धाव तू,’’ बाबा म्हणाले. ‘‘अन् कोणी विचारलं तं सरळ सांग, तब्येतीसाठी धावून राहिली म्हणून.’’

‘‘तब्येतीसाठी कोणाची पोरगी धावते हो?’’ आई म्हणाली. ‘‘भरतीची तयारी करून राहिली म्हणून सांगजो वं. पोलीस भरती म्हटलं की सगळ्याइचे तोंडं बंद.’’

आईचं खरं होतं. आमच्याकडे मुलीला धावायला एकच मान्यताप्राप्त कारण आहे. पोलीस भरतीची तयारी म्हटलं की म्हातारे रस्ता सोडतात, बायका शाबास म्हणतात. अंगावर खाकी चढणार असेल तर पायांना परवानगी आहे. नुसतं धावायला नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो मोडलाही जात नाही.

आमच्या वरच्या खोलीत तेव्हा एक मुलगी भाड्यानं राहायची. उमरेडच्या पलीकडच्या एका गावातली, शेतकरी घरातली. सीताबर्डीत कपड्यांच्या दुकानात काउंटरला असायची. दिवसभर उभी. स्टूल होतं, पण मालकाच्या डोळ्यांना बसलेली मुलगी खुपायची. आई तिला ‘वरची’ म्हणायची. ‘‘वरचे, भाजी देऊ का वं?’’ असं जिन्याखालून विचारायची. त्यात एक खोच होती आणि ती तिलाही कळायची. गावाच्या उतरंडीत तिची जात आमच्याहून वरची. आमचे आजोबा छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या गर्दीत उभे राहून ती उतरंडच मागे टाकून आले होते. ‘‘वरची म्हणजे जिन्यावरची,’’ आई म्हणायची. ‘‘गावातली वरची गावातच ठेवून यायची.’’ ती खळखळून हसायची.

तिचा भाऊ तिला सोडायला आला होता, तेव्हा पुढच्या खोलीतल्या तसबिरीवर त्याची नजर गेली. आईनं चहा टाकते म्हटलं. ‘‘आत्ताच घेतला, काकू,’’ तो म्हणाला. पाणीही नको म्हणाला. पण तो वाईट माणूस नव्हता. वर जाऊन त्यानं दाराची कडी हलवून पाहिली, सैल होती म्हणून खिळा मागून स्वतः ठोकली. मग गच्चीच्या दाराला आतून कडी आहे का विचारलं, आणि बाहेरून आहे का तेही. निघताना फाटकाशी तिला म्हणाला, ‘‘राहा, काम कर, माहं काही म्हणणं नाही. फक्त गावात गोष्ट आली नाही पाहिजे.’’

गोष्ट आली की खोली गेली, नोकरी गेली. एवढी साधी अट होती. तिनं ती आम्हाला हसत हसत सांगितली होती, भावाची नक्कल करून.

त्याच हिवाळ्यात तीही मिटत चालली होती. दुकानातून आली की दिवा न लावता खोलीत बसायची. आईनं दिलेली भाजी वाटीत तशीच परत यायची. विचारलं तर म्हणायची, ‘‘काही नाही काकू, पाय दुखून राहिले.’’ एका सकाळी मी बुटांच्या नाड्या बांधत होते तर ती येऊन पायरीवर बसली.

‘‘धावल्यानं खरंच बरं वाटते का वं?’’

‘‘अजून तरी नाही वाटलं,’’ मी म्हटलं. ‘‘दम लागतो. दम लागला की तेवढा वेळ दुसरं काही आठवत नाही.’’

‘‘तेवढंही चालते मले,’’ ती म्हणाली.

तिनं बर्डीच्या फुटपाथवरून बूट आणले, एका पायाचा अंगठ्याशी दाबणारा. पहिले काही दिवस आम्ही धावलो असं म्हटलं तर ते खोटं पत्रक काढल्यासारखं होईल. विजेच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जायचं, मग कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. बरगडीखाली कळ यायची. थंडीत नाकातून पाणी, घशात रक्ताची चव. ती ओढणी कमरेला गाठ मारून बांधायची आणि प्रत्येक खांबाशी म्हणायची, ‘‘मेली वं मी.’’ आणि पुढच्या खांबाकडे बघायची.

मैदानावर भरतीची मुलं असायची. त्यातला एक आमच्याच वस्तीतला, आईच्या ओळखीचा. आम्ही त्याला भरतीवाला म्हणायचो. तो दोन-चार सकाळी आमच्याकडे बघत राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, ‘‘ताई, टाच नका आदळू. पायाचा आवाज आला नाही पाहिजे. आवाज आला म्हणजे गुडघ्याची वाट लागून राहिली समजा.’’

‘‘आम्ही काय चोर आहो का, आवाज न करता पळायले?’’ वरची म्हणाली.

‘‘चोरच पळतात चांगले,’’ तो म्हणाला. ‘‘आम्ही त्याइच्या मागं पळण्याची प्रॅक्टिस करून राहिलो.’’

ती त्या दिवशी रस्ताभर हसत होती. घरी आल्यावर तिनं आईकडे आणखी एक पोळी मागितली. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, ‘‘पाहिलं का? मागून खाल्लं.’’

बदल असे आले, पोळीपोळीनं. झोप लागायला लागली. छातीवरचं ओझं कोणी उचललं नाही, पण ते आहे हे विसरायला होऊ लागलं. मी पुन्हा लिहायला बसले. ती दुकानात मालकासमोर स्टूल ओढून बसली आणि संध्याकाळी हे आम्हाला किल्ला घेतल्यासारखं सांगितलं. धावण्यानं कोणाचं दुःख जात नाही; मी तसं सांगणार नाही. पण आपलं अंग आपल्या ताब्यात आहे, पुढचा पाय टाकायचा की नाही हे आपण ठरवतो, हे ज्याला रोज सकाळी कळतं तो दुपारीही तेवढा वाकत नाही. मला वाटतं, पाहणाऱ्यांना तेच खटकत असावं.

कारण पाहणारे वाढत होते. मैदानाच्या कडेला बाकावर सकाळी काही माणसं बसायची, माकडटोप्या घातलेली. त्यांतल्या एकानं तिला थांबवून विचारलं, ‘‘भरतीले का, बेटा?’’

‘‘नाही काका. बरं वाटते म्हणून.’’

‘‘बरं वाटते म्हणजे?’’

‘‘म्हणजे बरं वाटते.’’

तो बाकीच्यांकडे वळून म्हणाला, ‘‘बरं वाटते म्हणे.’’ कोणी हसलं नाही. हसले असते तर मला कमी भीती वाटली असती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आलो की त्यांचं बोलणं थांबायचं, आणि आम्ही वळणापलीकडे गेलो की सुरू व्हायचं. त्यातला एकेक शब्द ऐकू येई. कुठली. कोणाची. कोणाच्या घरी.

आईला हे सांगितलं तर ती तिच्यावरच चिडली. ‘‘काय गेलं असतं वं तुझं, भरती म्हटलं तं?’’

‘‘काकू, मी खोटं काहून सांगू? मी काय चोरी करून राहिली?’’

बाबांनी वर्तमानपत्रामागून मान डोलावली. मलाही तिचा अभिमान वाटला. आजही वाटतो.

मग ती गाडी दिसली. उमरेड रोडनं पहाटे कळमन्याच्या बाजारात माल जातो. संत्र्यांच्या दिवसांत अशा गाड्यांची रांग असते. आम्ही मोठ्या रस्त्याच्या कडेनं धावत होतो. एक टेम्पो आम्हाला ओलांडून गेला आणि पुढे जाऊन त्याचा वेग कमी झाला. थांबला नाही. नुसता हळू चालू लागला, आमच्या वेगानं, मागचे लाल दिवे आमच्यासमोर धरून. आम्ही हळू झालो तर तोही हळू. क्रेटमधल्या संत्र्यांचा वास येत होता. मग एकदम वेग घेऊन तो निघून गेला.

‘‘गावाकडचा नंबर वाटला वं,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘नसन.’’

काही सकाळी गेल्या. त्या दिवशी मी पोटऱ्या दुखत होत्या म्हणून मागे पडले होते आणि ती पुढे होती. भरतीवाला त्याच्या फेऱ्या संपवून त्याच रस्त्यानं घरी निघाला होता, तिच्या बाजूनं चालला होता, काहीतरी सांगत, हातानं गुडघा दाखवत. तोच टेम्पो समोरून आला. ड्रायव्हरशेजारच्या माणसानं काचेतून हात बाहेर काढला. हातात मोबाइल होता. उजाडत होतं, तरी फ्लॅश पडला. पांढरा, क्षणभर. तिनं हात डोळ्यांवर घेतला आणि भरतीवाला थांबून गाडीकडे बघत राहिला.

संध्याकाळी ती मोबाइल घेऊन खाली आली. चेहऱ्यावर हसू होतं, जरा कसनुसं. फोटो काढणारा तिचा लांबचा काका निघाला, त्याच गावातला. त्यानं तो फोटो सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. तिच्या भावाची सोयरीक पुण्याकडच्या घरी जमली होती, साखरपुडा झाला होता, आणि दोन्हीकडच्या मंडळींचा नवा ग्रुप निघाला होता. फोटोत ती होती, तोंडावर हात घेतलेली, आणि शेजारी भरतीवाला. मी कुठेच नव्हते. खाली काकानं लिहिलं होतं: ‘आपली पोरगी नंदनवनात पळून राहिली.’ पुढे अंगठ्याचं चिन्ह.

‘‘काका कौतुक करून राहिले,’’ ती म्हणाली. ‘‘भाऊचाही मेसेज आला. पाह्य ना.’’ भावानं लिहिलं होतं, जपून पळ, तिकडं कुत्रे लय आहेत.

मी मात्र ते वाक्य दुसऱ्यांदा वाचलं. दिवसभर शब्द तपासण्याची सवय. नागपूरकराला त्या वाक्यात काही वावगं दिसणार नाही. आम्ही जेवून राहतो, बोलून राहतो, धावून राहतो. काम चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. मुलगी नंदनवनात धावते आहे. पण पुण्याच्या माणसानं ते वाचलं तर? ‘नंदनवनात पळून राहिली.’ पळून गेली, आणि नंदनवनात जाऊन राहिली. कोणाबरोबर, ते फोटोत आहेच.

मी बाबांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘‘हे परत घ्यायले सांग काकाले,’’ ते म्हणाले. ‘‘आत्ता.’’

तिनं काकाला फोन केला. काका हसत होता, आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. ‘‘त्यात काय वं, चांगलंच तं लिहिलं.’’ त्यानं फोटो ग्रुपवरून काढून टाकला. पण तोवर ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून तिच्या भावाला फोन गेला. हे तिनंच सांगितलं, भावानं तिला जसं सांगितलं तसं. मुलीचे वडील शांतपणे बोलले म्हणे. ‘‘तुमची बहीण पळून जाऊन राहतेय, आणि आम्हाला हे ग्रुपवरून कळावं?’’ भावानं समजावलं. आमच्या बोलीत असं म्हणतात, ती नुसती पळते, व्यायाम करते. पलीकडून ‘अच्छा’ आलं. मग विचारलं, ‘‘व्यायाम का करते? लग्न ठरलंय का?’’ ‘‘नाही.’’ ‘‘भरती वगैरे?’’ ‘‘नाही.’’ ‘‘मग?’’



आम्ही त्यानंतरही धावलो. ती म्हणाली, ‘‘आता थांबली तं त्याइले खरंच वाटन.’’ पण मैदानावर बाकावरची माणसं आता बोलणं थांबवत नव्हती. आम्ही समोरून जात असताना ती बोलत होती. भरतीवाल्याला त्याच्या आईनं दुसऱ्या मैदानावर जायला सांगितलं होतं. जाताना तो म्हणाला, ‘‘ताई, सोबत नका दिसू माझ्या काही दिवस. तुमच्यासाठी सांगून राहिलो.’’ मग थोडं थांबून, ‘‘माझ्यासाठी पण.’’ त्याचं आडनाव काय आहे ते त्याला माहीत होतं आणि आम्हालाही. गावाकडे अशा फोटोतल्या मुलाचं पुढे काय होतं ते आम्ही पत्रकांत छापत आलो आहोत.

ते दोघे भर दुपारी आले. भाऊ आणि मामा. ऊन तापायला लागलं होतं, गल्लीत कोणी नव्हतं. गाडी त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभी केली होती आणि तिचं इंजिन चालूच होतं. तो आवाज शेवटपर्यंत येत राहिला. मामा फाटकाच्या आत आला नाही. भाऊ ओसरीवर उभा राहिला. तिची त्या दिवशी सुट्टी होती, हे त्यांना कोणी सांगितलं ते मला आजही कळलेलं नाही.

‘‘बस ना गा भाऊ,’’ बाबा म्हणाले. ‘‘पाणी घे.’’

‘‘नाही काकाजी, बसाले वेळ नाही. तिले न्याले आलो.’’

‘‘तुले माहीत आहे ना, पोरगी नुसती धावाले जात होती?’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘मंग?’’

‘‘मले माहीत असून काय होते? त्याइले पटून नाही राहिलं. सोयरीक तुटाच्या मार्गावर आहे माही.’’

‘‘मग मी बोलतो त्याइच्याशी. शब्दाचा घोळ आहे नुसता. लाव फोन, मी समजावून सांगतो आपल्या बोलीत काय म्हणतात ते.’’

भाऊ थकल्यासारखा हसला. ‘‘तुम्ही बोलान? कोण बोलून राहिलो म्हणून सांगान?’’

‘‘घरमालक म्हणून.’’

‘‘आडनाव विचारतीन, काकाजी. फोटोतल्या पोराचंही विचारलं त्याइनं. मी म्हटलं माहीत नाही. तं म्हणे, म्हणजे सांगण्यासारखं नाही.’’

ज्या माणसानं आयुष्यभर शब्द दुरुस्त केले, त्याच्यापुढे एक चुकीचा शब्द उभा होता, त्याचा खरा अर्थ सगळ्यांना माहीत होता, खुद्द भावालाही, आणि त्यानं काहीही बदलणार नव्हतं. मी मध्ये पडले. ती सज्ञान आहे, तिची नोकरी आहे, तुम्ही तिला विचारलं का, असं बोलत राहिले. भावानं माझ्याकडे पाहिलंच नाही. मामानं फाटकाबाहेरून विचारलं, ‘‘ही कोण? हीच घेऊन जात होती का पळायले?’’

वरची जिन्यात उभी होती. ‘‘भाऊ, मी काही केलं का?’’

‘‘नाही केलं.’’

‘‘मंग काहून येऊ?’’

‘‘दोन दिवस चाल. लोकं पाहतीन का तू घरीच आहे. मंग येजो परत.’’

ती भावाकडे बघत राहिली. तिला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. त्यालाही स्वतःवर ठेवायचा होता, असं मला वाटतं. तिनं एका पिशवीत दोन जोड कपडे टाकले. आईनं तिच्या हातावर दही-साखर ठेवली. माझ्याजवळून जाताना ती म्हणाली, ‘‘येते.’’ आपल्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत.

मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे गेले. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती. तरी ते तिघं मागे बसले. ती मध्ये, एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला मामा. दारं लागली.

दोन दिवस झाले, आठवडा झाला. तिचा मोबाइल बंद. दुकानात तिच्या जागी दुसरी मुलगी उभी. मी आणि बाबा पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, चहाही मागवला. ‘‘घरच्यांसोबत गेली ना? मग तक्रार कसली?’’

‘‘तिला यायचं असेल आणि येऊ देत नसतील तर?’’ मी विचारलं.

‘‘मॅडम, पळून गेली असती तर आम्ही शोधली असती,’’ ते म्हणाले. ‘‘ही तर घरी आहे.’’

त्यांनी हे सहज म्हटलं. या वाक्याला मात्र एकच अर्थ होता, पुण्यात आणि नागपुरात.

भावाचा नंबर आईकडे होता. मी त्यावर फोन करायला लागले. कधी भाऊ उचलायचा, कधी पोराची सोयरीक मोडेल म्हणून खंगलेली तिची आई. आंघोळीला गेली. शेतात गेली. झोपली. मामाकडे गेली. आताच बाहेर गेली. उत्तरं नम्र असत. मग फोन ठेवला जाई. बाबा गावात जायला निघाले होते. आईनं चप्पल लपवली. ‘‘तुम्ही जासान अन् त्याचं खापर तिच्यावर फुटन,’’ ती म्हणाली. ती बरोबर होती की चूक, मी अजून ठरवू शकलेले नाही.

एका सकाळी मी धावून आले आणि घाम पुसायच्या आधी फोन लावला. तिच्या आईनं उचलला.

‘‘आंघोळीले गेली, बेटा.’’

‘‘मी थांबते, मावशी.’’

‘‘वेळ लागन.’’

‘‘लागू द्या. फोन तिच्या हातात द्या, मी ठेवत नाही.’’

पलीकडे काही वेळ नुसतं घर ऐकू येत होतं. भांडी, बकरी, कोणीतरी खाकरलं. कोणीतरी विचारलं, कोण आहे? नागपूरवाले. ठेव ना मंग. नाही ठेवून राहिली म्हणते. पावलं. आणि मग तिचा श्वास, मी ओळखला. किती सकाळी तो माझ्या शेजारून चालला होता.

‘‘धावून राहिली का वं?’’ तिनं आधी मला विचारलं.

‘‘हो. तू?’’

‘‘बाहेर नाही जाऊ देत. अंगणात चकरा मारते. हातात झाडू ठेवते, म्हणजे झाडून राहिली असं वाटते.’’ आवाज अगदी खाली. ‘‘रविवारी पाहाले येऊन राहिले मले.’’

‘‘तुला विचारलं?’’

‘‘तू विचारलं ना आत्ता.’’

ती घाईनं म्हणाली, ‘‘ऐक, फोन करत जा. उचलला नाही तरी करत जा. घंटी वाजली की घरात सगळे एकमेकांकडे पाहतात. त्याइले समजते, कोणी विचारून राहिलं मले. मंग आवाज जरा खाली राहतो सगळ्याइचा.’’ मागून पुरुषाचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.

तो रविवार होऊन गेला. त्यात काय झालं ते मला माहीत नाही. मी रोज सकाळी मैदानावरून आले की फोन लावते. कधी तो कापतात. कधी वाजू देतात, अगदी शेवटपर्यंत, आणि मी त्या घरातले एकमेकांकडे बघणारे चेहरे डोळ्यांसमोर आणत उभी राहते.

तुमच्या नात्यात, तुमच्या जुन्या वर्गात, तुम्ही राहता त्या मजल्यावर अशी एखादी मुलगी असेल, जिला दोन दिवसांसाठी म्हणून घरी नेलं आणि जी नंतर दिसली नाही. तिचं बरं चाललं असेल असं तुम्ही स्वतःला सांगितलं असेल. तिला आज फोन लावा. तिचा बंद असेल तर तिच्या घरी लावा. दुसऱ्या कोणी उचलला तर तिच्या हातात द्यायला सांगा. आंघोळीला गेली म्हणाले तर म्हणा, मी थांबतो. कामात आहे म्हणाले तर म्हणा, थांबतो. कापला तर पुन्हा लावा, उद्या लावा, परवा लावा. तिचा आवाज कानावर पडेपर्यंत ठेवू नका.